गाडीच्या मागे लटकलेलं पोतं

पत्र थोडक्यात असं आहे. नागपुरातल्या मनीषनगरकडच्या एका फ्लॅट स्कीममध्ये राहणाऱ्या ताईंनी लिहिलंय, नाव-पत्ता अर्थातच गाळलाय. सोळा फ्लॅट, खाली चार दुकानं, त्यातलं एक त्यांच्या मिस्टरांचं, गिफ्ट आणि स्टेशनरीचं. ताई बऱ्याच दिवसांपासून ओला-सुका वेगळा करतात, दुधाच्या पन्न्या धुऊन वाळत घालतात, सासूबाई त्यावर हसतात. पण सकाळी कचरागाडी येते आणि गाडीवरचा मुलगा दोन्ही डबे एकाच जागी उलटे करतो. त्याआधी सुक्यातल्या बाटल्या अन् पुठ्ठा मात्र काढून गाडीच्या मागे लटकवलेल्या पोत्यात टाकतो, आणि ते पोतं तो कबाड्याला विकतो हे ताईंनी डोळ्यांनी पाहिलंय. "आम्ही निवडायचं आणि पैसे याने कमवायचे," असं त्यांचं म्हणणं. दुसरीकडे मिस्टर दुकानाचा पुठ्ठा, थर्माकोल, बबल रॅप रात्री दुकान बंद करताना स्कीमच्या डब्यात टाकून मोकळे होतात. एक दिवस ते दुकानासमोर सांडलेलं पाहून महापालिकेच्या उपद्रव शोध पथकाने दंडाची पावती फाडली, आणि सेक्रेटरी काकांनी डब्याचा फोटो व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकला, नाव न घेता पण सगळ्यांना कळेल असा. मिस्टरांचा तोडगा असा की मुलाला महिन्याचे शंभर देऊन टाक, तो सगळं उचलून नेईल, कटकट नको. ताईंचे प्रश्न: मुलाची तक्रार झोन ऑफिसला करू का? आणि शेवटी सगळं एकत्रच होत असेल तर वेगळं करणं बंद का करू नये?

ताई, आधी त्या पोत्याचंच बोलू, कारण तुमचा सगळ्यात जास्त राग तिथेच आहे.

उद्या गाडी आली की ते पोतं जरा जवळ जाऊन बघा. पाण्याच्या, कोल्ड्रिंकच्या बाटल्या चेपून झाकण घट्ट लावलेल्या दिसतील, म्हणजे त्या पुन्हा फुगत नाहीत अन् पोत्यात जास्त मावतात. पुठ्ठा घडी घालून गाडीच्या बाजूला खोचलेला असेल, ओल्याचं पाणी लागू नये म्हणून. शाम्पूची बाटली, फिनाईलचा डबा, तेलाचा पत्र्याचा पिंप असलं काहीबाही. आणि त्यात काय नसतं तेही बघा. कुरकुऱ्याची पाकिटं नसतात, थर्माकोल नसतो, तुमच्या दुकानातला कागद-प्लास्टिक चिकटलेला गिफ्ट पेपर नसतो. ज्याला बाजारात गिऱ्हाईक आहे तेवढंच त्या पोत्यात जातं. तिथून ते चौकातल्या कबाड्याकडे, मग मोठ्या गोदामात, तिथे पुन्हा निवडून गाठोडी बांधली जातात, बाटल्यांचे तुकडे होऊन पुढे त्यांचा धागा निघतो, पुठ्ठा क्राफ्ट पेपरच्या मिलला जातो. म्हणजे तुमच्या स्कीममधून रोज जेवढं काही खरोखर रिसायकल होऊन राहिलंय ते त्याच पोत्यातून होऊन राहिलंय. तो विकतो म्हणून तर ते भांडेवाडीच्या कचरा डेपोत जात नाही ना बाप्पा! उद्या तुमच्या तक्रारीमुळे त्याचं पोतं बंद झालं तर त्या बाटल्या तुम्हाला परत मिळणार नाहीत, त्या खरकट्यासोबत डेपोत जातील, बस.

आता पैशाचं. तुम्ही डबा गेटवर ठेवला तेव्हा त्यातल्या बाटलीवरचा हक्क तुम्ही सोडलाच होता, नाही का? पैसे हवे असतील तर बाटल्या, पुठ्ठा, रद्दी घरातच ठेवा आणि तुम्ही स्वतः कबाड्याला द्या, त्यात काहीच वावगं नाही, कोणी तुम्हाला नाही म्हणणार नाही. नियमही तेच सांगतात, की वेगळा केलेला सुका माल कचरा वेचणाऱ्याला, गोळा करणाऱ्याला किंवा रिसायकल करणाऱ्याला द्यावा. २०१६ च्या घनकचरा नियमांतसुद्धा कचरा वेचणाऱ्यांचा उल्लेख चोर म्हणून नव्हता, या साखळीतला माणूस म्हणून होता, आणि त्यांना ओळखून व्यवस्थेत घ्या असं महापालिकांना त्यात सांगितलं होतं. एजन्सीने त्या मुलाला पोतं लटकवायची मुभा दिलीय की नाही, हा त्याचा आणि त्याच्या साहेबाचा प्रश्न, आपण त्यात कशाला पडायचं.

आणि सासूबाई हसतात असं लिहिलंय म्हणून विचारते, तुमच्या घरी पेपरची रद्दी कोण बांधतं? लोणच्याच्या बरण्या, तेलाचे डबे, जुनी पातेली, दिवाळीच्या आधी कबाड्याला बोलावून तराजूवर नजर ठेवून भाव कोण करतं? माझा अंदाज आहे सासूबाईच. म्हणजे तुमच्या घरात सुका कचरा वेगळा करायची सुरुवात तुमच्या दोन डब्यांनी झालेली नाही, ती त्यांनी फार आधी केलीय, फक्त त्याला कोणी हिरवा-निळा रंग दिला नव्हता. त्या पन्न्या धुण्यावर हसतात, रद्दीवर हसत नाहीत. तर हे खातं सरळ त्यांच्याकडे द्या. कबाड्याशी घासाघीस तुम्हा-आम्हाला जमत नाही तेवढी त्यांना जमते. फक्त घरी कामाला येणाऱ्या मावशी बाटल्या नेत असतील तर त्यांचा वाटा आधी विचारून घ्या, पुष्कळ घरांत तो वर्षानुवर्षं ठरलेला असतो आणि नवीन सिस्टीमच्या उत्साहात नेमका तोच जातो.

आता दुसरा राग, की दोन्ही डबे एकत्र होतात. हे चूकच आहे, यात त्या मुलाची बाजू घेण्यासारखं काही नाही. कचरा वेगळा गोळा करायचा आणि वेगळाच वाहून न्यायचा, हे नियमात आहे, ही काही हौस नाही. पण 'एकत्र होतो म्हणून वेगळं करणं फुकट' हे तुमचं गणित मला पटत नाही, कारण त्यात तुम्ही धरून चाललात की सगळा सुका कचरा रोज गाडीत टाकायलाच पाहिजे. काहून? ओला रोज द्यावाच लागतो, आपल्याकडच्या उन्हात तो दुपारपर्यंत घरात थांबूच शकत नाही. सुक्याला काय घाई आहे? धुतलेली पन्नी, कोरडा पुठ्ठा, बाटली, हे आठ-पंधरा दिवस गॅलरीत एका पोत्यात पडून राहिलं तरी ना वास ना माशा. तर रोज गाडीला फक्त ओला द्या, सुका साठवा, आणि आठवड्यातून एकदा एक तर कबाड्याला द्या नाहीतर त्याच मुलाच्या हातात वेगळी पिशवी म्हणून द्या. डब्यात उलटायचं नाही, हातात द्यायचं. त्याचंही काम वाचतं, त्याला खरकट्यात हात घालून बाटली शोधावी लागत नाही, आणि तुमच्या डोळ्यांदेखत एकत्र व्हायचा प्रश्नच मिटतो. हा एवढा एक बदल केलात तर तुमच्या पत्रातल्या अर्ध्या तक्रारी राहत नाहीत.

एकत्र झाल्याने नेमकं काय बिघडतं हेही सांगते, म्हणजे घरच्यांना समजावता येईल. पुठ्ठा आणि कागद एकदा भाजीच्या पाण्यात, वरणाच्या खरकट्यात भिजला की त्याला कोणी हात लावत नाही, भाव जातो म्हणजे जातोच. आणि ओला कचरा प्लास्टिकखाली दबून ढिगात पडला की त्याला हवा लागत नाही, तो हवेशिवाय कुजतो आणि मिथेन तयार होतो, तो पेट घेतो. भांडेवाडीला उन्हाळ्यात आग लागल्याच्या बातम्या आपण येतात-जातात म्हणून वाचतो, पण ज्यांची घरं त्या बाजूला आहेत त्यांना त्या धुरापायी खिडकी लावून झोपावं लागतं. आपलं काय झालंय, आपण कचऱ्याकडे मिरवणुकीतल्या मारबतीच्या पुतळ्यासारखं बघतो. 'घेऊन जा गे मारबत' म्हणत वाजत-गाजत नेली, जाळली, इडापीडा गेली, हात झटकून घरी. पण शहरात रोज हजार-बाराशे टनांच्या घरात जे निघतं ते कुठे जात नाही, ते पारडीच्या पलीकडे, कोणाच्या तरी घरामागे साचून राहतं.

आता काय विकलं जातं अन् काय नाही, कारण इथेच बहुतेक जणांचा घोळ होतो. सुका म्हणजे एकच ढीग नाहीये. वर्तमानपत्र, वह्या, पुठ्ठा, पाण्याच्या बाटल्या, शाम्पू-डिटर्जंटचे जाड डबे, लोखंड, ॲल्युमिनियम, स्टील, अख्ख्या काचेच्या बाटल्या, हे सगळं कबाडी घेतो, भाव रोज वर-खाली होतो पण घेतो. दुधाची पन्नी पण घेतो, धुतलेली असली तर, त्यामुळे तुम्ही धुता ते अजिबात वेडेपणा नाही. फक्त एक करा, कोपरा कापून तुकडा वेगळा पाडू नका, अर्धवट चीर द्या म्हणजे तुकडा पन्नीलाच चिकटून राहील. तो एवढासा कोपरा पुढे कोणी वेचत नाही, तो नालीत जातो नाहीतर गाईच्या पोटात.

चिप्स, बिस्किटं, मसाला, शाम्पूचे पाउच, आतून चांदीसारखं चकाकणारं सगळं, याला दारावरचा कबाडी हात लावत नाही कारण त्यात प्लास्टिकचे वेगवेगळे थर आणि धातूचा पातळ मुलामा एकमेकांना चिकटवलेला असतो, तो सुटा करणं परवडत नाही. ओळखायची सोपी युक्ती, पाकीट मुठीत गच्च चुरगाळा आणि मूठ उघडा. कागद असेल तर चुरगाळलेलाच राहतो, आणि हे थरवालं असेल तर हळूहळू फुलासारखं उलगडतं, कुरकुर आवाज करत. दुकानातला चकचकीत गिफ्ट पेपर असाच तपासा, त्यातला बराच उलगडणारा निघेल आणि तो रद्दीत घातला तर कबाडी अख्ख्या गठ्ठ्याचा भाव पाडतो. दुकानाच्या मशीनमधून निघणारी गुळगुळीत बिलं पण रद्दीत नकोत, त्या कागदावर रसायनाचा लेप असतो. पिझ्झाचा डबा, समोशाचा तेलकट कागद, वापरलेले टिश्यू, हे रद्दीत नाहीच. ज्यूसचे टेट्रापॅक वेगळे रिसायकल होतात पण आपल्या गल्लीतला कबाडी सहसा घेत नाही. तर ही जी बिनभावाची जात आहे ती सुक्याच्या डब्यात, स्वच्छ करून, गाडीला द्यायची. तेवढंच आपल्या हातात आहे. बाकी ती घरात कमी आणणं हा एकच उपाय, आणि मुलांच्या डब्यात रोज पाकिटं जातात त्या घरात तो सोपा नाही हे मला माहीत आहे.

यापेक्षा महत्त्वाचं म्हणजे त्या मुलाचे हात. तुम्ही त्याच्यावर रागावला आहात, पण तो हातमोजे न घालता डब्यात हात घालतो हे तुमच्याच पत्रात एका वाक्यात येऊन गेलंय. सॅनिटरी पॅड आणि डायपर पेपरमध्ये घट्ट गुंडाळून वर लाल खूण करून वेगळे द्या. फुटलेली काच, ब्लेड, सासऱ्यांच्या इन्सुलिनच्या सुया, हे एखाद्या जाड प्लास्टिकच्या डब्यात झाकण लावून, डब्यावर मार्करने 'सुई-काच' लिहून. संपलेले सेल, बल्ब, ट्यूबलाइट, उरलेली औषधं, रंगाचे डबे ही वेगळीच जात, ती ओल्यात नाही अन् सुक्यातही नाही. २०१६ च्या नियमांत ओला, सुका आणि घरगुती घातक असे तीन भाग होते, आता १ एप्रिल २०२६ पासून नवे नियम आलेत त्यात चार केलेत: ओला, सुका, सॅनिटरी आणि विशेष काळजीचा. चार डबे कुठे ठेवू म्हणून घाबरू नका. सॅनिटरीला एक छोटी झाकणाची बादली बाथरूममध्ये, आणि विशेष काळजीच्याला जुना श्रीखंडाचा डबा कपाटावर पुरतो, तो भरायलाच सहा महिने लागतात. बिघडलेला मोबाइल, चार्जर, मिक्सर हे मात्र भंगारात घालू नका, ते कुठेतरी तांब्यासाठी उघड्यावर जाळलं जातं. नवीन वस्तू घेताना जुनी दुकानात परत देता येते का विचारा, नाहीतर ई-कचरा घेणाऱ्या परवानाधारकाकडे द्या.

आता मिस्टरांकडे येते. ताई, खरं सांगायचं तर तुमच्या घरचा कचरा हा छोटा प्रश्न आहे, मोठा प्रश्न दुकानाचा आहे, आणि पत्रात तुम्ही तो हळूच शेवटी टाकलाय.

असं का होतं ते मला दिसतं. गाडी येते सकाळी आठच्या आत, दुकान उघडतं साडेदहा-अकराला. शटर वर गेलं की झाडू, मग पाणी, मग उदबत्ती, आणि झाडलेली धूळ-कागद-टेप-दोरी पायरीवरून खाली रस्त्यावर. बर्डीपासून इतवारीपर्यंत हेच चालतं. त्या वेळी गाडी निघून गेलेली असते, म्हणून दिवसभराचा माल रात्री कोणाच्या तरी डब्यात. तुमच्याकडे तो स्कीमच्या डब्यात जातो, ज्याचा खर्च सोळा फ्लॅटवाले देतात. सेक्रेटरी काकांची फोटो टाकायची पद्धत चूक, पण मुद्दा खरा आहे. दुकानाचा कचरा हा घरचा कचरा नाही. उपद्रव शोध पथक पानठेलेवाले, हातगाडीवाले, छोटे दुकानदार यांच्याकडून रस्ता घाण केल्याबद्दल ४०० रुपये घेतं, मोठ्या आस्थापनांना त्याहून बराच जास्त बसतो, आणि दर वेळी पावती फाडून घेण्यापेक्षा दुकानाची स्वतःची सोय लावणं स्वस्त पडतं.

सोय काय? दुकानात नव्वद टक्के पुठ्ठाच असणार, आणि पुठ्ठा म्हणजे कबाड्याला आवडता माल, कोरडा, स्वच्छ, एकगठ्ठा. खोके उघडले की लगेच टेप कापून चपटे करायचे आणि काउंटरच्या मागे उभे लावायचे, जागा फार लागत नाही. चार दुकानांनी मिळून एकाच कबाड्याला आठवड्याचा एक वार ठरवून द्यायचा. एका दुकानासाठी तो येणार नाही, चौघांचा माल असला तर हातगाडी घेऊन दुपारी स्वतः येईल, गिऱ्हाईक नसतं त्या वेळी. आलेले पैसे दुकानात काम करणाऱ्या पोट्ट्याला चहा-नाश्त्याला दिले तर खोके चपटे करायची आठवण मिस्टरांना करून द्यावी लागत नाही, तो स्वतःच करतो. रात्रीचा झाडलेला कचरा झाकणाच्या ड्रममध्ये आत ठेवायचा आणि सकाळी गाडी आली की तुम्ही वरून उतरताना, किंवा ते स्वतः उतरून, थेट गाडीत द्यायचा. घर वर असण्याचा हा फायदा बाकी तीन दुकानदारांना नाही, त्यांचा ड्रम कोण काढेल हे चौघांनी बोलून ठरवावं लागेल.

थर्माकोल आणि बबल रॅप हे खरोखर त्रासाचे. बबल रॅप स्वतःच पुन्हा वापरता येतो, गिफ्ट पॅक करायला तुम्हालाच लागतो, फेकता कशाला? थर्माकोल वजनाला काहीच नाही आणि जागा खातो म्हणून कोणी नेत नाही. जो होलसेलर माल पाठवतो त्याला सांगून बघा, पुठ्ठ्याच्या पट्ट्या घालून पाठव, किंवा पुढच्या गाडीत थर्माकोल परत घे. गांधीबागचे व्यापारी एका छोट्या दुकानदाराचं ऐकणार नाहीत असं मिस्टर म्हणतील, आणि कदाचित नाहीही ऐकणार, पण विचारायला काय जातं. दोघांनी-तिघांनी विचारलं की ऐकायला लागतात.

एक गोष्ट तुम्ही विचारली नाही पण सांगायलाच हवी. दुकानात गिऱ्हाइकाला पन्नी देता ती कसली आहे? ३१ डिसेंबर २०२२ पासून १२० मायक्रॉनपेक्षा पातळ प्लास्टिकच्या कॅरीबॅग देशभर बंद आहेत, आणि राज्यात तर २०१८ पासूनच प्लास्टिकबंदीची अधिसूचना आहे, त्यात पहिल्या वेळी ५,०००, दुसऱ्यांदा १०,००० आणि तिसऱ्यांदा २५,००० रुपये दंड आणि तुरुंगवाससुद्धा आहे. ४०० ची पावती त्यापुढे काहीच नाही. कपड्यासारख्या दिसणाऱ्या पिशव्याही नीट बघून घ्या, त्यातल्या पुष्कळ प्लास्टिकच्याच असतात. गिफ्ट शॉपमध्ये कागदी पिशवी शोभतेही छान.

ग्रुपवर उत्तर देऊ नका. मिस्टरांनी एकदा सेक्रेटरी काकांच्या घरी जाऊन, चहा घेत, सांगावं की काका, दुकानाचा माल आता स्कीमच्या डब्यात येणार नाही, आम्ही अशी सोय केलीय. फोटोचा विषय काढूच नये. आणि त्याच बैठकीत, गेटजवळ सुक्याचं एक मोठं पोतं ठेवायचं काय, हे विचारून घ्यावं. ग्रुपवर कोणी 'सोसायटीला आता स्वतःचा खत प्रकल्प करावाच लागणार, नाहीतर दंड' असं फॉरवर्ड टाकलं असेल तर शांत राहा. तो नियम मोठा कचरा करणाऱ्यांना आहे, दिवसाला १०० किलो किंवा जास्त. नव्या नियमांत त्यासोबत २०,००० चौरस मीटर बांधकाम किंवा रोज ४०,००० लिटर पाणी असेही निकष आहेत. सोळा फ्लॅट अन् चार दुकानं मिळून रोजचे तीस-चाळीस किलो धरा, तुम्ही त्यात बसत नाही. मोठ्या टाउनशिपवाले, मंगल कार्यालयवाले, हॉटेलवाले हे वाचत असतील तर त्यांनी मात्र आपलं वजन एकदा काट्यावर करूनच घ्यावं.

मग तक्रार करायची की नाही? करायची. पण मुलाची नाही, गाडीची. गाडीला ओल्या-सुक्याचे वेगळे कप्पे आहेत का, असले तर मधली जाळी शाबूत आहे का, हे बघा. पुष्कळदा कप्पा असतो पण लहान असतो, दोन गल्ल्यांत भरून जातो आणि मग पुढच्या गल्लीत सगळं एकत्र. तसं असेल तर तो मुलगा काय करणार? आणि जिथे कचऱ्याच्या वजनावर पैसे मोजायची पद्धत असते तिथे वेगळं करण्यात वरच्या कोणालाच गोडी नसते, हे पण ध्यानात ठेवा. तक्रारीत गाडीचा नंबर, तारीख, वेळ, गल्ली आणि 'कप्पा नाही' किंवा 'दोन्ही एकत्र टाकलं जातं' एवढंच लिहा, फोटो गाडीचा काढा, मुलाच्या चेहऱ्याचा नको. आधी तुमच्या वस्तीच्या जमादाराला, म्हणजे सफाई कामगारांवर देखरेख करणाऱ्याला भेटा, तो रोज सकाळी हजेरीच्या ठिकाणी असतो, निम्मी कामं तिथेच होतात. नाही झालं तर झोनच्या आरोग्य विभागात लेखी द्या आणि पोच घ्या, सोबत स्वच्छता ॲपवरही टाका म्हणजे नंबर मिळतो. एकटीच्या सहीपेक्षा पाच-सहा फ्लॅटच्या सह्या बऱ्या. आणि शहराच्या दुसऱ्या भागातल्या वहिनींकडे गाडी कशी नीट येते ही तुलना तिथे करू नका. २०१९ च्या शेवटी शहराचे दहा झोन पाच-पाच करून दोन एजन्सींना दिले गेले, त्यामुळे एका भागातलं दुसऱ्या भागाला लागू पडत नाही. बेसा-पिपळ्याकडच्या वाचकांनी तर आधी आपलं घर मनपाच्या हद्दीत येतं की नगरपंचायतीच्या, हे टॅक्सच्या पावतीवर बघून घ्यावं, नाहीतर झोनवाले परत पाठवतात आणि एक सकाळ जाते.

राहिले ते शंभर रुपये. मिस्टरांना सांगा, देऊ नका. ते वेगळं न करण्याचे पैसे आहेत. एकदा सुरू झाले की दुकानाचं सगळं एकत्र भरून जाईल, आणि पुढच्या महिन्यात बाजूचा दुकानदार दीडशे देईल. दिवाळीला त्याला सगळ्या स्कीमने मिळून काय द्यायचं ते द्या, उन्हाळ्यात सकाळी थंड पाण्याची बाटली द्या, आणि हो, एक जाड हातमोज्यांची जोडी घेऊन द्या, बांधकामावर वापरतात तसली, हार्डवेअरच्या दुकानात मिळते. शनिवारी सुक्याची पिशवी देताना त्याला नावाने हाक मारून सांगा की यात काच नाही, सुई नाही, सरळ पोत्यात टाक. नाव माहीत नसेल तर आधी ते विचारा, पत्रात तुम्ही त्याला शेवटपर्यंत 'तो मुलगा'च म्हटलंय.